शलाकेच्या तोंडचं वाक्य

कॉमिकमधली माणसं आपली आपण बोलतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. माझ्या नणंदेला तर अजून वाटतं. एकदा ईदला घर भरलेलं असताना तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "भाभी, चित्र ते मास्तर काढतात, छापतात ते प्रेसवाले, मग तुम्ही नेमकं करता तरी काय?" मी तिला म्हटलं, त्या माणसांच्या डोक्यावर पांढरे फुगे असतात बघ, त्यात अक्षरं मी भरते. तर म्हणते कशी, "एवढंच?"

एवढंच! बाई गं, एकदा बसून बघ म्हणावं. इंग्रजी अक्षरं सरळ असतात, एका उंचीची. आपल्या अक्षराला डोक्यावर वेलांटी, पायाशी उकार, वर कधी रफाराचा तुरा. दोन ओळींतलं अंतर जरा कमी पडलं की वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत घुसतो. चित्र काढणाऱ्यानं फुगा लिंबाएवढा ठेवलेला असतो आणि वाक्य असतं, "दुष्टा, तुझ्या दुष्कृत्यांचा घडा आता भरला आहे!" हे सगळं त्या लिंबात बसवायचं, टाकानं, काळ्या शाईत, आणि एक थेंब सांडला तर पांढरा रंग लावून पुन्हा पहिल्यापासून. डोळे आणि मान माझी त्यातच गेली. पण धाराशिवात बसून मी जी अक्षरं काढली ती सोलापूर-लातूरच्या स्टँडवर पोरं वाचायची, याचा मला तेव्हाही गर्व होता आणि आताही आहे.

हे काम मी शिकले अब्बांकडं. अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मराठी आणि उर्दू दोन्ही. पाटी रंगवणं सोपं, मांडणं अवघड. नाव लांबलचक असतं, फळी बेताची असते, आणि शेवटची दोन अक्षरं चिरडून बसली की दुकानदार पाटी परत पाठवतो. मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून फळीकडं नुसतं बघून सांगायची, अब्बा, मधलं अक्षर इथं येणार, खडूनं खूण करा. कधी चुकले नाही. पण गिऱ्हाईकानं "वा, काय बेतशीर बसवलंय!" म्हटलं की अब्बा सांगायचे, "आमच्या सलीमनं मांडलंय." सलीम म्हणजे माझा भाऊ. तो त्या वेळी कुठंतरी पतंग उडवत असायचा. पोरीनं मांडलंय म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल, असं अब्बांचं म्हणणं. मला राग यायचा. अजून येतो, खोटं कशाला सांगू?

तर कॉमिकचं. आमच्या गावात एक प्रेस होता, लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापणारा. त्याच्या मालकांना, बाबूरावांना, एकदा हुक्की आली की आपण मुलांचं कॉमिक काढायचं. गोष्ट आणि चित्रं करायला त्यांनी तुळजापूरचे कुलकर्णी सर गाठले. सर चित्रकलेचे शिक्षक, रिटायर झालेले, घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा आणि यांच्या हातात पेन्सिल. कॉम्प्युटरची अक्षरं तेव्हा सगळीकडं आलेली होती, पण सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, "त्या यंत्राच्या अक्षराला आवाज नाही. मला ओरडणारं अक्षर हवं." म्हणून मग मला बोलावणं आलं. असे आम्ही तिघं.

आणि चित्रात चौघं. कॉमिकचं नाव 'बालाघाटचे चौघे'. लोहबाहू म्हणजे ताकद. वावटळ म्हणजे वेग. धगधग्या हातातून जाळ काढायचा. चौथी शलाका. पहिल्या अंकात सरांनी तिची ओळख दिली होती, 'बुद्धी हेच जिचं शस्त्र!' ती ओळ मी एवढ्या मन लावून काढली की मालक म्हणाले, "आपा, ह्ये फ्रेम करून लावावं वाटतंय." मला वाटलं, चला, एक तरी पोरगी अशी निघाली जिची अक्कल जगजाहीर छापली गेली.

पण पुढं काय? पुढच्या अंकांत मी तिची वाक्यं भरत गेले. "बापरे!" "वाचवा!" "आता काय होणार?" "लोहबाहू, तू किती शूर!" पाच अंक झाले आणि त्या बुद्धीच्या शस्त्राला म्यानातून कुणी काढेना. सगळ्या युक्त्या सुचायच्या लोहबाहूला. आता लोहबाहूचं डोकं सर स्वतःच खांद्यापेक्षा लहान काढायचे, त्यात युक्ती राहणार कुठं?

मी एकदा हळूच विचारलं, "सर, ही शलाका टीममध्ये करते काय?"

सर म्हणाले, "नसीमबाई, तुम्ही अक्षरं बघा. गोष्ट मी बघतो."

मी पुढचा फुगा भरायला घेतला. पण मनातनं गेलं नाही.

आता इथं आमच्या धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगायला हवी. फुग्याला खाली एक शेपटी असते. ती ज्याच्या तोंडाकडं वळते, वाक्य त्याचं. चित्रात सर नुसते फुगे काढून द्यायचे. आत मी अक्षरं भरायची, ती वाळली की सगळ्यात शेवटी शेपट्या काढायच्या, म्हणजे ओल्या अक्षरावर हात फिरायला नको. माझी ही पद्धत होती. आणि या पद्धतीतच एक दिवस घात झाला.

सहावा अंक. चौघं परंड्याच्या किल्ल्यात अडकलेत. दार उघडत नाही. लोहबाहू सहा चित्रं दारावर ठोसे मारतो. मग एकदम थांबतो आणि म्हणतो, "मला कळलं! हे दार ढकलायचं नाही, ओढायचं आहे!" त्यावर शलाका टाळी वाजवून म्हणते, "अय्या, खरंच!" झालं, अक्षरं भरली. शेपट्या राहिल्या होत्या तेवढ्यात दारात गॅस सिलिंडरवाला आला, जुनी टाकी सापडेना, सासूबाईंचं आणि त्याचं वाजलं. ते मिटवून मी परत बसले आणि डोकं तिकडंच ठेवून दोन शेपट्या ओढल्या. उलट्या. पानं प्रेसला गेली.

अंक छापून आला तेव्हा शलाका सांगत होती की दार ओढायचं आहे, आणि तो सहा फुटी, पिळदार मिशांचा लोहबाहू ठोशाची मूठ तशीच ठेवून म्हणत होता, "अय्या, खरंच!"

सर तुळजापुराहून पहिल्या एसटीनं आले. अंक माझ्यासमोर आपटला.

"नसीमबाई, लोहबाहू 'अय्या' म्हणत नाही!"

"आता म्हणाला, सर," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. मग लगेच माफी मागितली, अगदी मनापासून, कारण चूक ती चूक. सर अंक तिथंच टाकून निघून गेले. मालक कपाळाला हात लावून बसले.

आणि मग पत्रं यायला लागली. प्रत्येक अंकाला चार-पाच पत्रं यायची, या वेळी गठ्ठा आला. ईट गावच्या एका मुलीनं लिहिलं होतं, "आमच्या घरात आता कुणालाही काही पटलं की सगळे अय्या खरंच म्हणतात. आजोबासुद्धा म्हणतात." एकानं लिहिलं, "शलाका हुशार आहे हे आम्हाला पहिल्यापासून वाटत होतं, ती बोलत का नव्हती?" हे पत्र मी दोनदा वाचलं. स्टँडवरच्या पुस्तकवाल्यानं आणखी अंक मागितले. मालक खूश. "आपा, अजून येकदा चुका की," म्हणाले.

मग मी चुकले. पहिली चूक खरी होती, पुढच्या सगळ्या मुद्दाम केलेल्या. हे आज कबूल करते. फार नाही, जरा जराच. सरांनी लिहिलेलं असायचं, "मला भीती वाटते." मी लिहायची, "मला शंका येते." जागा तेवढीच लागते. "लोहबाहू, तू किती शूर!" याच्या जागी "लोहबाहू, जरा दमानं!" कधी एखादी शेपटी अलगद सरकवायची. सर विचारत नव्हते, मी सांगत नव्हते. त्यांना कळलंच नाही असं मी धरून चालले होते. हे वागणं बरोबर नव्हतं, दुसऱ्यानं माझं अक्षर असं बदललं असतं तर मी त्याचा टाक मोडला असता. पण शलाका थोडी थोडी विचार करायला लागली होती आणि मला ते बघायचं होतं.

असं दीड-दोन वर्षं चाललं. मग एक दिवस मालकांनी प्रेसमध्ये बोलावलं. समोर सोलापूरकडचा एक विक्री एजंट बसलेला, पान खात.

मालक म्हणाले, "आपा, ह्ये म्हंत्यात चौघांतली पोरगी काडा. तिच्या जागी कुत्रं घाला. कुत्रं लई खपतंय म्हनं."

"कुत्रं करणार काय?" मी विचारलं.

एजंट म्हणाला, "वास घेईल, भुंकेल, लोहबाहूच्या मागं पळेल."

"मग शलाका दुसरं काय करते सध्या? तेच तर करायला लावलंय तिला!"

एजंट हसला. मालक हसले नाहीत. म्हणाले, "सरास्नी विचारलंय म्या. सर हो म्हनले."

आठवड्यानं पानं आली. गोष्ट अशी, की कोरडासुर नावाचा राक्षस धरणं पीत सुटलाय. धरण आमच्याकडच्या माकणीचंच होतं, भिंतीवरनं ओळखू यायचं, सरांनी नाव तेवढं बदललेलं. तिघं वीर त्याला मारतायत, तो दाद देत नाही. सव्विसाव्या पानावर शलाका पुढं धावते, पाण्याबरोबर ओढली जाते आणि त्याच्या पोटात जाते. शेवटचं वाक्य, "मित्रांनो, माझी आठवण ठेवा!" सत्ताविसाव्या पानावर लोहबाहू रडतोय आणि कुठूनतरी एक कुत्रं येऊन त्याचा हात चाटतंय. एका पानाचंसुद्धा सुतक नाही हो!

मी टाक शाईत बुडवला आणि ते वाक्य काही लिहवेना. हसाल तुम्ही, कागदावरच्या पोरीसाठी रडायला येतं का? मला आलं. मी पानं गुंडाळली, नळीत घातली आणि तुळजापूरची एसटी धरली.

सर बंडीवर चित्राच्या फळीशी बसलेले. वहिनींनी पाणी दिलं, पोहे टाकते म्हणाल्या. मी बसलेसुद्धा नाही.

"सर, ही मेली तर मी अक्षरं भरणार नाही. दुसरी माणसं बघा."

सर चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "एकोणीस."

"काय एकोणीस?"

"एकोणीस ठिकाणी तुम्ही माझी वाक्यं बदललीत. मी मोजली आहेत. परंड्याचं दार धरून वीस."

मला वाटलं, जमीन फाटावी. खुर्चीत बसले. "मग रागावला का नाहीत?"

"रागावलो होतो की. पहिल्या वेळी आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. विचारा हिला."

आतून वहिनी म्हणाल्या, "जेवले मात्र रोज."

सरांनी तिकडं दुर्लक्ष केलं. पेन्सिल खाली ठेवली आणि जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. म्हणाले, "नसीमबाई, खरं सांगतो. हुशार बाई मला चित्रात काढता येते. कपाळ मोठं काढायचं, एक भुवई वर, झालं. पण तिनं तोंड उघडलं की माझी पंचाईत होते. लोहबाहू सोपा आहे, त्याला ठोसा मारायला लावला की पान सरतं. ही माझ्यापेक्षा हुशार आहे. माझ्यापेक्षा हुशार माणसाच्या तोंडी मी काय घालू? तुम्ही बदललेली वाक्यं माझ्या वाक्यांपेक्षा बरी होती, म्हणून मी गप्प बसलो. पण एका शब्दानं गोष्ट चालत नाही हो. तिला एखादी युक्ती सुचायला हवी, आणि ती मला सुचत नाही. म्हणून म्हटलं, जाऊ दे तिला."

एवढा मोठा माणूस असं बोलला म्हटल्यावर माझा राग कुठल्या कुठं गेला. पण जीभ माझी, ती थोडीच गप्प बसते? "त्यात काय एवढं?" म्हणाले मी.

सरांनी लगेच पकडलं. "असं? मग आज मंगळवार आहे. शेवटची सहा पानं मी बाजूला ठेवतो. शुक्रवारी सकाळपर्यंत सांगा, शलाका काय करते. तुम्ही सांगाल तसं नव्यानं काढून देतो. नाही सांगितलंत, तर हीच पानं प्रेसला जातील आणि ती जाईल राक्षसाच्या पोटात."

पोहे खाल्ले, परत आले. एसटीत काय माझा रुबाब!

बुधवारी कागद घेऊन बसले. रिकामा फुगा काढला, त्यात लिहिलं, "थांबा! मला विचार करू द्या." छान. दुसरा फुगा काढला. त्यात काहीच येईना. दुपारपर्यंत शलाका नुसती विचार करत उभी आणि तो कोरडासुर निवांत धरण पितोय. दोन वर्षं मी सरांना मनातल्या मनात नावं ठेवली होती, ती सगळी एकेक करून माझ्या अंगावर आली. दुसऱ्याच्या वाक्यात एक शब्द बदलणं वेगळं आणि कोऱ्या फुग्यासमोर बसणं वेगळं. मी शलाकेकडनं खूप काही करवून बघितलं. जादूची तलवार, बेशुद्धीचं औषध, आकाशवाणी. सगळं फाडलं. यात अक्कल कुठं होती? संध्याकाळी स्वयंपाक करताना भाजी करपली, सासूबाई म्हणाल्या, "कोण मेलंय का?" मी म्हटलं, "अजून नाही, शुक्रवारी मरणार आहे." त्या बिचाऱ्या घाबरल्या.

गुरुवारी ठरवलं की हे आपलं काम नव्हे. सरांना फोन करायचा, नाक घासायचं. त्याआधी एक लग्नपत्रिकेचं मथळ्याचं काम उरकावं म्हणून टाक घेतला. बाटलीत शाई तळाशी गेलेली. टाक बुडवला, ओढला, तर रेघच येईना. तळाचा रबडा टाकात चढून बसला होता. वरची पातळ शाई कितीही घ्या, टाक ओढत राहतो, पण तळ ढवळला की एका घोटात तुंबतो. मी तो टाक हातात धरून तशीच बसले. धरणाच्या तळाशी काय असतं? गाळ! आपल्याकडं कुणालाही विचारा. आणि हे तिघं वीर वरवरचं पाणी वाचवत बसलेत!

फोन केला. सर म्हणाले, "बोला."

मी भडाभडा बोलले. शलाका आधी नुसती बघते. दोन चित्रं ती काही करत नाही, बघते. तिच्या लक्षात येतं की लोहबाहूनं ठोसा मारला की राक्षस दचकतो आणि दचकला की मोठा घोट घेतो, म्हणजे आपणच त्याला पाजतोय. ती सांगते, "मारू नका. त्याला पिऊ द्या." तिघं चिडतात. मग ती एकेकाला काम देते. वावटळीला म्हणते, तू धरणाच्या तळाला गोल गोल पळ, गाळ ढवळून वर आण. लोहबाहूला म्हणते, तू भिंतीच्या तळाशी गाळ बाहेर सोडायची गंजलेली दारं आहेत ती उचलून धर, म्हणजे गाळाची धार नेमकी त्याच्या तोंडावर जाईल. कोरडासुर हावरट, तो घटाघट पितो, पोट गाळानं भरतं. मग धगधग्याला म्हणते, आता पोटाबाहेरून शेक दे. गाळ आत भाजून कडक होतो, राक्षस बसल्या जागी विटेसारखा थंड. वरचं निवळ पाणी धरणात तसंच.

पलीकडून कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज यायला लागला.

"सर?"

"म्हणजे तिघांपैकी एकाचीही ताकद कमी नाही केलीत तुम्ही," सर म्हणाले. "मी दोन वर्षं हेच समजत होतो, की तिला हुशार करायचं तर बाकीच्यांना बावळट करावं लागेल. तिचं काम हे आहे होय, कुणाला कुठं लावायचं ते बघणं." मग म्हणाले, "ठेवा फोन, मला बसू दे." सत्तरीला टेकलेला माणूस, दोन दिवसांत सहा पानं काढली. मालकांना एक दिवस थांबावं लागलं, ते चरफडत थांबले. एजंटचं मन राखायला सरांनी शेवटच्या चित्रात एक कुत्रं काढलं, कोपऱ्यात झोपलेलं.

त्या पानांचे फुगे मी भरले तसे आयुष्यात कधी भरले नाहीत. सगळं झालं आणि पहिलं पान हातात घेतलं. त्यावर नावं असतात, तीही मीच काढायची. नेहमी असायचं, 'कथा आणि चित्रे' खाली सर, 'अक्षरे' खाली मी. या वेळी सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'कथा: नसीम शेख'.

मी ते खोडरबरनं पुसलं. आणि नेहमीचं होतं तसं लिहिलं.

का पुसलं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, सासरी काय म्हणतील, सलीमभाई हसेल, मालक म्हणतील बाई फार पुढं चालली. ते सगळं उगीच होतं. कुणी काही म्हणालं नसतं. खरं हे, की माझं मलाच ते नाव तिथं शोभेना. अंक छापून आला, सरांनी पहिलं पान बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि अंक पिशवीत घातला. पत्रं भरपूर आली. माकणीच्या एका बाईंनी लिहिलं होतं, राक्षस फोडलात की गाळ आमच्या रानात टाकायला पाठवा. शलाका टीममध्ये राहिली, एजंट पुन्हा कुत्र्याचं नाव काढेना. पुढच्या अंकांच्या युक्त्या आम्ही दोघं फोनवर मिळून करायचो आणि नावं तीच राहिली. काही वर्षांनी मालकांनी प्रेस विकला, पोरांच्या हातात मोबाईल आले, कॉमिक बंद पडलं. आता मी हौसेनं कुणाच्या पत्रिकेवरची नावं काढून देते.

हे सगळं आत्ता का सांगते, तर परवा आमच्या धाराशिवातल्या एका कॉलेजात कार्यक्रम झाला, मुलांच्या जुन्या कॉमिकवर. एक तरुण प्राध्यापक बाई शलाकेवर चांगल्या पाऊण तास बोलल्या. तिची बुद्धिमत्ता आणि संघातलं तिचं स्थान. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते, पदर डोळ्याला लावत होते. गाळाची पानं त्यांनी पडद्यावर मोठी करून दाखवली. म्हणाल्या, बाईच्या विचारशक्तीवर इतका विश्वास ठेवणारा लेखक आपल्या जिल्ह्यात होऊन गेला, म्हणजे आहे, तो आज समोर बसलाय. टाळ्या वाजल्या. सर चौऱ्याऐंशीचे, काठी टेकत उठले, माईक घेतला. म्हणाले, "ती युक्ती माझी नाही. ती या नसीमबाईंची. बोला हो."

आणि माईक माझ्यापुढं धरला. अख्खा हॉल माझ्याकडं बघतोय. मी काय बोलावं? मी म्हणाले, "नाही नाही, सरांचा मोठेपणा आहे. मी फक्त अक्षरं काढली." पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. सरांचा विनय म्हणून लोक उभे राहिले.

कार्यक्रम झाल्यावर मी सरांना रिक्षानं स्टँडवर सोडायला निघाले. सर तोंड फिरवून बसलेले. मी विचारलं, बरं वाटत नाही का? तर एवढे भडकले की रिक्षावाल्यानं आरशातून मागं बघितलं.

"दोन वर्षं माझ्याशी भांडलात त्या कागदावरच्या पोरीसाठी! युक्ती जिची तिच्या तोंडी घाला म्हणून! आणि आज?"

"सर, आता या वयात कशाला..."

"माझ्या वयाचं काय? मला आज तुम्ही लोहबाहू करून बसवलंत तिथं. दुसऱ्याच्या अकलेवर टाळ्या घेणारा. मला ते कधी नको होतं. तेव्हा पेन्सिलीनं लिहिलं होतं, तुम्ही पुसलंत. आज तोंडानं सांगितलं, तेही पुसलंत. आता मी कुठं लिहू?"

वयानं वडील माणूस, डोळ्यांत पाणी, आणि कारण मी. अब्बांवर मी जन्मभर रागावले, पण अब्बांनी माझं नाव निदान गिऱ्हाईक जाईल म्हणून लपवलं होतं. मी माझं माझ्या हातानं खोडलं, आणि सरांना नको असलेली टाळी चौदा वर्षं त्यांच्या गळ्यात अडकवली. स्टँड आलं. सर एसटीत चढले. खिडकीतून म्हणाले, "तुम्हाला बोलता येत नसेल तर लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं."

म्हणून या अंकाच्या संपादकांनी तुमचा अनुभव लिहाल का असं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सर हे भिंगातून वाचतील, नाहीतर वहिनी वाचून दाखवतील.

सर, गाळाची युक्ती माझी होती. ती सुचायला मला तीन दिवस लागले, आणि एवढं एक वाक्य लिहायला चौदा वर्षं.